भूक गेलेली असताना: कर्करुग्णांसाठीच्या तयार पोषणपेयाचा पाच महिन्यांचा अनुभव

कर्करोगाच्या उपचारांत ज्यांची अन्नावरची वासनाच उडून जाते, अशा रुग्णांसाठी छोट्या बाटल्यांमधून मिळणाऱ्या एका तयार पोषणपेयाचे हे परीक्षण आहे. आईच्या फुप्फुसाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू होती तेव्हा आम्ही ते पाच महिने वापरले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण जवळपास याच घटकांची आणि याच प्रमाणांची अनेक पेये मिळतात आणि माझे म्हणणे या संपूर्ण प्रकाराविषयी आहे. या पेयाने आईची भूक परत आणली नाही. भूक नसतानाच्या दिवसांत तिच्या पोटात जे जायलाच हवे होते, त्यातला बराचसा भाग मात्र त्याने पोहोचवला, आणि तेसुद्धा ते कसे द्यायचे हे आहारतज्ज्ञांनी आम्हाला शिकवल्यानंतर. घरात असा रुग्ण असेल, तर पेय आधी आणि सल्ला नंतर असा क्रम लावू नका, एवढे सुरुवातीलाच सांगते.

आईची भूक केमो सुरू होण्याच्या आधीपासूनच कमी झाली होती. आजाराच्या धक्क्याने तिचे मन लागत नसेल, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली. जेवायला बसली की ती पहिला घास बराच वेळ गालात धरून ठेवायची, मग पाण्याच्या घोटाबरोबर तो कसाबसा खाली ढकलायची आणि ताट हळूच बाजूला सारायची. "आई, अगं दोन घास तरी खा," असे मी म्हणायचे आणि ती दोन घास खायची, पण ते माझ्यासाठी. एके दिवशी तिच्या बोटातील अंगठी आतल्या बाजूने दोरा गुंडाळून घट्ट केलेली मला दिसली. ती सैल झाल्याचे तिने कोणालाही सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी तिचे वजन केले, तर चार महिन्यांपूर्वी 54 किलो असलेले वजन 49.5 किलोवर आलेले होते.

रुग्णालयात आहारतज्ज्ञांनी सुरुवातीला दोनच प्रश्न विचारले. अलीकडे प्रयत्न न करता वजन उतरले आहे का, आणि उतरले असेल तर किती? भूक मंदावल्यामुळे खाणे कमी झाले आहे का? या दोन उत्तरांना गुण देण्याची एक साधी चाळणी-चाचणी असते आणि दोन किंवा त्याहून अधिक गुण आले, तर रुग्ण कुपोषणाच्या धोक्यात आहे असे धरून पुढची सविस्तर तपासणी करतात. चाचणी इतकी सोपी आहे की ती घरीसुद्धा करता येते, आणि निदान झाले त्याच आठवड्यात हे दोन प्रश्न आम्हाला कोणी विचारले असते तर किती बरे झाले असते, ही रुखरुख मला अजूनही आहे. आईचे वजन आठ टक्क्यांहून जास्त घटले होते. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे ही कर्करोगातील खंगण्याची एक खूण मानली जाते. 2011 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या व्याख्येत हा निकष आहे. ज्यांची शरीरयष्टी आधीच कृश आहे किंवा ज्यांचे स्नायू झडलेले आहेत, त्यांच्या बाबतीत दोन टक्क्यांहून अधिक घटसुद्धा पुरेशी धरली जाते.

त्या भेटीत आहारतज्ज्ञांनी आईला एक गोष्ट समजावून सांगितली, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा उपचार तोच होता. "काकू, तुम्ही खात नाही असं नाही, तुमचं शरीर तुम्हाला खाऊ देत नाहीये," असे त्या म्हणाल्या. कर्करोगामुळे शरीरात एक प्रकारचा दाह धुमसत राहतो. इंटरल्युकिन-6, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखे दाहकारक रेणू भुकेवर परिणाम करतात आणि स्नायूंची झीजही वाढवतात. पेशींवर ताण आला की वाढणारे जीडीएफ-15 नावाचे एक प्रथिन मेंदूच्या मागच्या भागातील ग्राहीला (पेशीवरच्या, संदेश टिपणाऱ्या रेणूला) जाऊन मिळते आणि त्यातून भूक मंदावते, मळमळ होते. त्यावर केमोमुळे बदललेली चव, कोरडे पडलेले तोंड, बद्धकोष्ठता, दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटणे, वेदना आणि मनावरचे ओझे या सगळ्यांची भर पडते. नुसत्या उपासमारीत माणूस खायला लागला की वजन भरून येते, पण या खंगण्यात केवळ जास्त अन्न दिल्याने झीज पूर्णपणे थांबत नाही. हे ऐकल्यावर आईचा चेहरा सैल झाला. आपण हट्ट करतो आहोत, घरच्यांना त्रास देतो आहोत, असे तिला इतके दिवस वाटत होते.

मग आकडे आले. कर्करुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 किलोकॅलरी ऊर्जा आणि किमान 1 ग्रॅम, शक्य असेल तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, असे युरोपीय वैद्यकीय पोषण संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आईच्या वजनाला ते 1,250 ते 1,500 किलोकॅलरी आणि 50 ते 75 ग्रॅम प्रथिने असे बसत होते. तीन दिवस तिने खाल्लेला प्रत्येक घास वहीत टिपायला सांगितला होता. ती वही तपासून आहारतज्ज्ञांनी जो अंदाज काढला तो 750 किलोकॅलरी आणि 25 ग्रॅम प्रथिनांच्या आसपास होता, म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मा. ही तूट ताटातल्या अन्नाने भरून काढता येईल का, हे त्यांनी आधी पाहिले. आहे त्याच अन्नात तूप-तेल, दूध पावडर, अंडे, सुकामेव्याची पूड मिसळून प्रत्येक घास जास्त कसदार कसा करायचा, हे त्यांनी दाखवले आणि त्यानंतरच पेयाचा विषय काढला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष उत्पादनाविषयी. बाटली 200 मिलिलिटरची असते. आम्ही घेतलेल्या प्रकारात दर मिलिलिटरला दीड किलोकॅलरी, म्हणजे एका बाटलीत 300 किलोकॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिने होती. शिवाय जीवनसत्त्वे व खनिजेही होती. दिवसाला दोन बाटल्या गेल्या की 600 किलोकॅलरी आणि 30 ग्रॅम प्रथिनांची भर, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो. ज्याला अर्धी वाटीही जड जाते, त्याच्या दृष्टीने इतक्या कमी आकारमानात इतके पोषण मिळणे हाच या पेयाचा सर्वात मोठा गुण आहे. काही पेयांत दर मिलिलिटरला एकच किलोकॅलरी असते आणि काहींत दोन किंवा त्याहूनही जास्त. बाटल्या मात्र सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून लेबलावरील हा एक आकडा वाचल्याशिवाय घेऊ नये. आमच्याकडून एकदा घाईत कमी ऊर्जेचा प्रकार आणला गेला आणि आठवडाभर आईला त्या प्रमाणात कमी मिळत राहिले.

चवीविषयी स्पष्टच लिहिते. पेय फार गोड आहे. निरोगी माणसाला ते घट्ट, गोड दुधासारखे लागेल आणि तो ते सहज पिऊन टाकेल. केमोनंतर ज्याच्या तोंडात धातूची चव रेंगाळते, त्याला मात्र तीच गोडी टाळ्याला चिकटून राहते. त्याहून मोठी अडचण वासाची. बाटलीचे झाकण उघडताच जीवनसत्त्वाच्या गोळ्यांसारखा एक दर्प येतो आणि पहिल्या दिवशी त्यानेच आईच्या पोटात कालवले. तिने तीन घोट घेतले, बाटली माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी मी आग्रह करून अख्खी बाटली पाच मिनिटांत पाजली, आणि पोटात मुरडा येऊन तिला जुलाब झाले. इथे चूक माझी होती. असे घट्ट, कसदार पेय एका दमात पोटात गेले की आतड्यांना ते पेलत नाही. एवढी गोष्ट बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असायला हवी होती. ती होती, पण इतक्या बारीक अक्षरांत की मला ती आठवड्याने दिसली.

आहारतज्ज्ञांना फोन केला तेव्हा त्यांनी पद्धतच बदलली. बाटली चांगली थंड करायची, कारण थंड पदार्थाला वास कमी येतो. उघड्या पेल्यात ओतायची नाही, झाकण असलेल्या पेल्यात स्ट्रॉ घालून द्यायची, म्हणजे दर्प नाकापर्यंत पोहोचत नाही. एक बाटली अर्ध्या-पाऊण तासात, घोटाघोटाने संपवायची, आणि तीही जेवणाच्या वेळेला नाही, तर दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत, म्हणजे पेयानेच पोट भरून जेवण राहून जात नाही. पिण्याआधी तोंड स्वच्छ खळखळून घ्यायचे. मळमळीवरची गोळी डॉक्टरांनी ज्या वेळेला सांगितली असेल त्या वेळेला चुकवायची नाही, कारण मळमळ आवरलेली नसताना कोणतेही पेय उपयोगाचे नाही. उरलेले पेय फ्रिजमध्ये ठेवायचे आणि लेबलावरच्या मुदतीत, आमच्या पेयाच्या बाबतीत 24 तासांत, संपवायचे, नाहीतर टाकून द्यायचे. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात तेव्हा शिळ्या, उघड्या राहिलेल्या अन्नातून होणारा संसर्ग रुग्णाला फार महागात पडतो.

आणखी एक युक्ती त्यांनी सांगितली आणि ती आईच्या बाबतीत सर्वात जास्त चालली. औषधाच्या छोट्या मापाने, एका वेळी 50 मिलिलिटर, दिवसातून सहा वेळा. पूर्ण बाटली समोर आली की तिला ती संपवण्याचे दडपण यायचे, एवढेसे माप मात्र ती औषध म्हणून मुकाट्याने घ्यायची. गोळ्या घेतानाही पाण्याऐवजी याच पेयाचे दोन घोट द्यायचे, असेही त्यांनी सुचवले, पण कोणत्या गोळ्या रिकाम्या पोटी किंवा नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायच्या आहेत हे आधी विचारून घ्यायला बजावले. असे मिळून ती दीड बाटलीपर्यंत पोहोचली. दोन बाटल्यांचे उद्दिष्ट पाच महिन्यांत मोजक्याच दिवशी पूर्ण झाले. त्याचा परिणाम जेवणाच्या टेबलावर जास्त जाणवला. पेयातून काहीतरी निश्चित, मोजून गेले आहे हे माहीत असल्यामुळे ताटातल्या उरलेल्या घासांवरून आमचे खटके उडणे थांबले. तिला जे खावेसे वाटेल ते, वाटेल तेवढे, वाटेल त्या वेळेला खाऊ देता आले.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही विक्रेत्याविषयी आहेत. ज्या दुकानातून आम्ही पहिला खोका घेतला, तिथे हे पेय "भूक वाढवणारे टॉनिक" म्हणून आमच्या हातात ठेवले गेले. हे साफ चुकीचे आहे. त्यात भूक वाढवणारे काहीही नव्हते. ते अन्न आहे, औषध नाही. या शब्दांवर विश्वास ठेवून पहिले काही दिवस आम्ही भूक लागण्याची वाट पाहत बसलो. दुसरी तक्रार मुदतीची. घरपोच आलेल्या एका खोक्यातील बाटल्यांची मुदत तीन आठवड्यांत संपणार होती, आणि दीड बाटलीच्या वेगाने तेवढा खोका संपणे शक्यच नव्हते. बदलून मिळायला चार फोन करावे लागले. खोका उघडण्याआधी तारीख पाहावी आणि पहिल्याच वेळी मोठा साठा करू नये. केमोच्या प्रत्येक फेरीनंतर चव बदलते, आणि आज चालणारा स्वाद पंधरा दिवसांनी नकोसा होतो. आमच्याकडे व्हॅनिलाचा स्वाद दुसऱ्या फेरीनंतर कायमचा बाद झाला आणि कॉफीचा शेवटपर्यंत टिकला.

पावडर घ्यावी की तयार पेय, असे मला अनेकांनी विचारले आहे. पावडर तुलनेने स्वस्त पडते, लागेल तेवढीच कालवता येते आणि जेवणातही मिसळता येते. पण गुठळ्या राहतात, मापाच्या चमच्यात थोडा फरक पडला तरी कस बदलतो आणि पाणी व भांडी स्वच्छ असण्याची जबाबदारी आपल्यावर येते. घरात दिवसभर कोणीतरी असेल तर पावडर चालेल. रुग्ण काही तास एकटा असेल, तर बाटली बरी. व्यायामशाळेत घेतात ती प्रथिनांची पावडर मात्र याला पर्याय नाही, कारण तिच्यात प्रथिने भरपूर असली तरी एकूण ऊर्जा आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये त्या प्रमाणात नसतात.

या काळात भेटायला येणाऱ्यांनी एक भीती घातली, तिच्याबद्दल लिहायलाच हवे. साखरेवर कर्करोग पोसला जातो, तेव्हा हे गोड पेय बंद करा, असे दोन-तीन जणांनी आईच्या समोरच सांगितले, आणि तिने एक दिवस बाटलीला हात लावला नाही. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरे आहे, पण शरीरातील सगळ्याच पेशी ग्लुकोज वापरतात, आणि रुग्णाला उपाशी ठेवल्याने गाठ उपाशी राहते याला आधार नाही. आधीच खंगत चाललेल्या रुग्णाची ऊर्जा कापणारे पथ्य देऊ नये, असेच पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वेगळ्या घडणीची पेये असतात आणि औषधांचे प्रमाणही पाहावे लागते.

खरोखर भूक वाढवणारी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्याच हातची. मेजेस्ट्रॉलने भूक आणि वजन वाढते, पण वाढलेले वजन मुख्यतः चरबीचे असते, स्नायूंचे नव्हे, आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स थोड्या दिवसांपुरती उपयोगी पडतात. लांबवली तर तीच स्नायू कमजोर करतात. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारांवरचे औषध. अगदी कमी मात्रेत ते मळमळ आणि भूक या दोन्हींसाठी देता येते, आणि 2023 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रगत कर्करोगातील भूक व वजन सुधारण्यासाठी त्याची शिफारस केली. आईला तिच्या डॉक्टरांनी हेच रात्री सुरू केले. पहिले काही दिवस तिला सकाळी गुंगी असायची, पण दहाव्या-बाराव्या दिवशी तिने आपणहून "खायला काय आहे?" असे विचारले. हा प्रश्न मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. तेव्हा भुकेचे श्रेय जिथे द्यायचे तिथेच देते, ते बाटलीचे नाही.

पाच महिन्यांत वजन 49.5 वरून आधी 49 वर उतरले, मग स्थिरावले आणि शेवटी 50.2 किलो झाले. आकडा लहान दिसेल. पण वजन ढासळल्यामुळे तिची केमोची एकही फेरी पुढे ढकलावी लागली नाही, आणि सुरुवातीला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून दम घेणारी आई अखेरीस न बसता वर येऊ लागली. यात उपचारांनी गाठ आक्रसली त्याचा वाटा आहे, औषधाचा आहे आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेल्या रोजच्या थोड्याशा चालण्याचाही आहे, कारण हालचाल नसेल तर दिलेली प्रथिने स्नायूंच्या तितकीशी कामी येत नाहीत. पेयाला मी पाचपैकी साडेतीन गुण देते आणि आहारतज्ज्ञांच्या सेवेला पूर्ण पाच. वजन करताना मात्र एक काळजी घ्या. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल, तर काटा वाढ दाखवतो आणि आत झीज चालूच असते.

हे पेय कोणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तेही सांगते. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आधी गिळण्याची तपासणी हवी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने आणि खनिजांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायला हवे. आणि ज्याच्या पोटात बरेच दिवस जवळपास काहीच गेलेले नाही, त्याला एकदम भरपूर पोषण देणे धोक्याचे आहे, कारण रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. तिथे सुरुवात थोडक्याने आणि रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच करतात.

आईच्या शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाच्या एक बाई होत्या, आजाराच्या अगदी अखेरच्या टप्प्यात असलेल्या. आमचे पाहून त्यांच्या मुलाने हेच पेय आणले आणि तो चमच्याने ते त्यांच्या ओठांशी नेत राहिला. आहारतज्ज्ञांनी त्याला बाहेर बोलावून बराच वेळ समजावले. अशा अवस्थेत शरीराला अन्न वापरताच येत नाही, भूक नसण्याचा त्यांना त्रास होत नाही, जबरदस्तीने भरवण्याचा मात्र होतो, असे त्यांनी त्याला सांगितले. त्यानंतर तो आत आला, बाटलीला झाकण लावून त्याने ती खाली ठेवली आणि ओल्या कापसाने आईचे ओठ टिपत बसला.